फॅमिलीक मनाई नाय

माझ्याकडे एक कॅसेट आहे. तिच्या डबीतला कागद निळ्या बॉलपेनने हाताने लिहिलेला आहे. कागदावर चार नावं आणि प्रत्येक नावापुढे वाद्य. पहिल्या नावापुढे गिटार आणि बँजो, दुसऱ्यापुढे गाणं आणि फिडल, तिसऱ्यापुढे अकॉर्डियन, चौथ्यापुढे काहोन. नावं इथे देत नाही. पण ती चार होती हे नोंदवून ठेवायला हवं, कारण ती तीन असावीत असं बऱ्याच लोकांचं म्हणणं होतं.

नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात मी कुवेतमधल्या एका इंग्रजी दैनिकात उपसंपादक होतो. शुक्रवारच्या पुरवणीसाठी शहरातल्या लहानसहान कार्यक्रमांवर लिहायचं काम माझ्याकडे होतं. शाळांची स्नेहसंमेलनं, चित्रांची प्रदर्शनं, निरनिराळ्या मंडळांच्या सहली. एकदा एका अमेरिकन शिक्षकाची चिठ्ठी आली. आमचा बँड आहे, शुवैखमध्ये सराव करतो, येऊन ऐका. शुवैख म्हणजे बंदर, गोदामं आणि गॅरेजं. तिथे बँड कशाला असेल, म्हणून गेलो.

पत्ता एका सुतारकामाच्या कारखान्याचा निघाला. शुक्रवारी दुपारच्या नमाजानंतर कारखाना बंद असे आणि फोरमन त्यांना शटर अर्धं उघडून देई. शिक्षक ज्या इमारतीत राहायचा तिथे शेजाऱ्यांनी तक्रार केली होती. त्याने या कारखान्यातून शाळेसाठी पुस्तकांचे रॅक बनवून घेतले होते, त्या ओळखीवर जागा मिळाली. तो गिटार आणि बँजो वाजवायचा. त्याची बायको गायची आणि फिडल, म्हणजे व्हायोलिन, वाजवायची. तिसरा माणूस टेक्सासचा, मूळ मेक्सिकोचा, तेलक्षेत्रात यंत्रं तपासायच्या कामावर होता आणि फहाहीलला राहायचा. त्याच्याकडे आजोबांचा अकॉर्डियन होता.

त्यांचं संगीत कोणत्या रकान्यात बसवायचं हे मला कळेना. शब्द आणि चाल अमेरिकेच्या डोंगराळ भागातल्या जुन्या लोकगीतांसारखे: नदीपलीकडे राहिलेलं घर, खाणीत गेलेला भाऊ. ताल मात्र मेक्सिकोच्या आणि त्याखालच्या देशांचा, पाय हलवायला लावणारा. गाणी ते स्वतः रचत, कॅसेटी स्वतः डब करत आणि ओळखीच्यांना हातोहात देत. कंपनी नव्हती, मॅनेजर नव्हता. एका जिन्नसाची उणीव होती, तीही त्यांनी त्याच कारखान्यात भरून काढायचं ठरवलं होतं.

काहोन म्हणजे लाकडी खोका. वाजवणारा त्यावरच बसतो आणि पायांमधल्या पुढच्या फळीवर हातांनी वाजवतो. शिक्षकाने कागदावर आकृती काढून मापं लिहून दिली. काम कारखान्यातल्या ज्या सुताराकडे गेलं तो कुडाळकडचा. करारावर आलेला, वय चाळिशीच्या आत, बायको आणि दोन मुलं गावी. अर्दियाच्या गोदामांमागे एका खोलीत तो आणि आणखी सात जण राहायचे. कारखान्यात त्याला सगळे मेस्त्री म्हणत.

पहिल्या खोक्याची हकिगत मी पाहिलेली नाही, फोरमनने सांगितलेली आहे. फोरमन रत्नागिरीच्या किनाऱ्यावरचा मुसलमान, वीस वर्षांहून जास्त काळ कुवेतमध्ये.

"असा खोका केलान," तो म्हणाला, "की त्यात कफीलाची बायको दागिने ठेवील. कोपरे बघाल तर फट नाय. चारी बाजूंनी ग्लू, वर क्लॅम्प, वर तीन हात पॉलिश. अमेरिकनांनी वाजवला तर आवाज कसला? भिंतीवर थाप मारावी तसा."

कफील म्हणजे कामगारांना परवान्यावर आणणारा कुवेती मालक. चूक कुठे झाली हे समजायला कारखान्यातली पद्धत माहीत असावी लागते. तिथून गेलेलं कपाट गिऱ्हाइकाच्या घरी पोचून हललं, मागची फळी जरा जरी वाजली, तरी ते परत यायचं. मेस्त्रीच्या हातचं एकही परत आलेलं नव्हतं. कारखान्यात त्याची इज्जत होती ती यावर. फळी वाजणं हीच त्याच्या धंद्यातली नामुष्की, आणि इथे लोक त्याच्याकडे वाजणारी फळी मागत होते.

मी पहिल्यांदा गेलो त्या दिवशी दुसऱ्या फळीचं काम चाललं होतं. मेस्त्री सुट्टी असून आला होता, कारण आपल्या खोक्यात काय वाईट आहे हे त्याला कळायलाच हवं होतं. टेक्सासवाला उकिडवा बसून बोटाने दाखवत होता.

"कॉर्नर लूज. धिस वन, धिस वन. लूज."

"लूज?" मेस्त्री म्हणाला. "सर, लूज नो गुड. टाइट गुड."

"टाइट नो गुड, माय फ्रेंड."

मेस्त्रीने माझ्याकडे पाहिलं. मी मराठी आहे हे त्याला फोरमनने सांगितलं होतं. "सैल ठेवूचा? पेपरवाल्यानू, ह्येका सांगा. उद्या कोणी इचारल्यान, ह्यां काम कोणाचा, तर मी काय सांगू?"

मी सांगितलं. टेक्सासवाल्याला हसू आलं नाही. त्याने अकॉर्डियनचा भाता उघडून आतल्या पत्र्याच्या पट्ट्या दाखवल्या. प्रत्येक पट्टीचं एक टोक पक्कं, दुसरं मोकळं. मोकळं टोक हलतं, तेच वाजतं. मेस्त्रीने ते बराच वेळ पाहिलं. मग पातळ प्लायची नवी फळी कापली, बाजूंनी आणि खालून स्क्रू आवळले आणि वरचे दोन स्क्रू आवळता आवळता थांबला. एक फेरा उलटा घेतला. खोक्यावर बसला. मध्यावर तळहात टाकला, मग वरच्या काठावर बोटं.

मध्ये खोल घुमणारा आवाज आला, काठावर चरचरीत.

"आयशप्पत," तो म्हणाला. "एकाच फळयेर धुमा आणि शाई? दोनय?"

धुमा आणि शाई या पखवाजाच्या दोन बाजू, डावी आणि उजवी. मेस्त्री गावच्या भजनी मंडळात पखवाज वाजवायचा, हे त्या क्षणापर्यंत कारखान्यात कोणाला ठाऊक नव्हतं. त्याने सरळ भजनातल्या गजराचा ठेका धरला. टेक्सासवाला उभा राहिला. शिक्षकाच्या बायकोने फिडल उचललं. पुढची वीस मिनिटं ते थांबले नाहीत, मी घड्याळ पाहिलं म्हणून आकडा सांगू शकतो.

फोरमन शेवटी म्हणाला, "मालवण्याला बडवायला काय तरी दिलं की जेवणाची शुद्ध नाय. मेस्त्री, ह्या ठोकठोकीपायी माजा अकामा जाल रे!" अकामा म्हणजे तिथे राहण्याचा परवाना. त्यानंतर त्याने दर शुक्रवारी शटर उघडलं.

चार महिन्यांत ते चौघांचं वादन झालं. शब्दांपेक्षा आकड्यांनी त्यांचं काम चाले. टेक्सासवाला स्पॅनिशमध्ये मोजायचा, मेस्त्री मालवणीत, आणि दोघं समेवर बरोबर एकत्र यायचे. टेक्सासवाल्याचे तीन आणि दोन ठोक्यांचे ताल मेस्त्रीला जड गेले नाहीत. जड गेलं ते बँडमध्ये असणं. शिक्षकाच्या शाळेत पहिला कार्यक्रम झाला तेव्हा छापील पत्रिकेवर तीन नावं होती आणि खाली बारीक अक्षरात 'खोका: स्थानिक कारागीर'. पत्रिका शाळेच्या कार्यालयाने केली होती. शिक्षकाला वाईट वाटलं, त्याने माफी मागितली. मेस्त्रीने कागद उलटा करून पाहिला, मागे काही आहे का म्हणून.

"कारागीर मी कारखान्यात," तो मला म्हणाला. "हय मी वाजवतंय."

त्याला काय हवं होतं ते एवढंच होतं. पैशाचा प्रश्न नव्हता, कार्यक्रमांना कोणालाच पैसे मिळत नसत. चार जण वाजवतात तर चार मोजा, असं त्याचं म्हणणं.

मराठी मंडळाच्या चिटणीसांना मी या बँडबद्दल सांगितलं. मंडळाची वार्षिक संध्याकाळ फहाहीलच्या एका हॉलमध्ये होणार होती आणि त्यांना काही वेगळं हवं होतं. चिटणीस एका बँकेत अधिकारी, मूळ पुण्याचे, मंडळासाठी सुट्ट्या खर्च करणारा माणूस. त्यांनी बँडची आधीची एक कॅसेट ऐकली आणि लगेच होकार दिला. कार्यक्रमाच्या दोन दिवस आधी त्यांचा फोन आला.

"तो चौथा कोण आहे? म्हणजे, करतो काय?"

"सुतार आहे. शुवैखला."

"फॅमिली इथे आहे का त्याची?"

"गावी आहे. बायको, दोन मुलं."

"इथे नाही ना? मग बॅचलर," चिटणीस म्हणाले. "हॉल फॅमिली हॉल आहे हो. बॅचलर आत घेत नाहीत, करारातच आहे. मी नियम केलेला नाही."

हे खरं होतं. कुवेतमध्ये लग्न झालेला, मुलं असलेला माणूसही कुटुंब बरोबर नसेल तर बॅचलर. बाग, हॉल, राहण्याची इमारत, सगळीकडे हा शब्द लावला जाई. ज्याचा पगार कमी त्याला कुटुंब आणायचा परवाना मिळत नसे, आणि कुटुंब नाही म्हणून तो दाराबाहेर. माझी बायको तिथेच नोकरीला होती, म्हणून मी फॅमिली.

"तो कलाकार म्हणून येतोय," मी म्हणालो.

"बघतो," ते म्हणाले. "आणि खोकाच वाजवायचा ना? आमच्याकडे एक इंजिनीअर आहेत, तबला विशारद."

हे संभाषण मी बँडला सांगितलं नाही. दारावर काहीतरी निघेल असं मी धरून चाललो. बातमीदाराला न शोभणारी चूक होती ती, आणि ती माझी.

शुक्रवारी संध्याकाळी पाचला शिक्षकाची गाडी हॉलपाशी आली. मेस्त्रीने इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता. खोका त्याच्या मांडीवर होता. चिटणीस दारातच उभे होते, बाजूला पहारेकरी.

"या, या," ते शिक्षकाला इंग्रजीत म्हणाले. मग मेस्त्रीकडे वळून मराठीत, हळू आवाजात, "मेस्त्री, खोका तेवढा स्टेजवर ठेवून या. तुमची मागे गाडीत बसायची सोय करतो. चहा पाठवतो."

"वाजवतलो कोण?"

"आमचे इंजिनीअर आहेत. चांगले वाजवतात."

"ह्येच्यार वाजवलेला हा त्यांनी कधी?"

"अहो, लाकूडच आहे ना?"

खोका पायरीवर ठेवून मेस्त्री शेजारी बसला. खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला. तो त्याच्या खिशात नेहमी असे, सुट्टीच्या दिवशीही. एकेक करून सगळे स्क्रू काढले, रुमालात ठेवले, रुमालाला गाठ मारली. पुढची फळी अलगद सुटली. ती त्याने बगलेत घेतली आणि उरलेला खोका चिटणीसांच्या पायाशी सरकवला.

"खोको ठेवा. तुमच्या लाकडाक काय झालां नाय," तो म्हणाला. "फळी माझी."

"हे काय लहान मुलासारखं!" चिटणीस म्हणाले. "दोनशे माणसं बसलीत आत. अहो, तुम्ही तरी सांगा त्यांना," हे मला.

शिक्षकाने मला विचारलं, काय झालं. मी झालं ते आणि झालं तसं सांगितलं, दोन दिवसांपूर्वीच्या फोनसकट. त्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती माझ्या लक्षात आहे. त्याची बायको फिडलची पेटी घेऊन आत निघाली होती. ती थांबली आणि परत येऊन गाडीत बसली. टेक्सासवाल्याने अकॉर्डियन खांद्यावरून उतरवलाच नव्हता. त्याने वाकून तो बिनफळीचा खोका उचलला.

"आय वर्क फॉर द ड्रमर," तो चिटणीसांना म्हणाला. मी या वाक्याचं भाषांतर केलं नाही. गरज नव्हती.

मंडळाचा कार्यक्रम त्या दिवशी झाला. भावगीतं झाली, एक नाटुकलं झालं. दुसऱ्या दिवशी मंडळाची प्रेसनोट आमच्या टेबलावर आली: काही तांत्रिक कारणांमुळे तीन सदस्यांचा अमेरिकन बँड कार्यक्रम सादर करू शकला नाही. अशा नोटा आम्ही व्याकरण सुधारून छापत असू. मी 'तीन' खोडून 'चार' केलं. 'तांत्रिक कारणांमुळे' खोडून लिहिलं, 'एका सदस्याला प्रवेश नाकारल्यामुळे'.

वृत्तसंपादकाने कागद परत आणला. "नोटमध्ये तीन आहेत."

"मी तिथे होतो. चार मोजले."

"प्रवेशाचं वाक्य जाणार नाही. हॉलचे मालक कोण आहेत माहीत आहे ना?"

"वाक्य काढा. आकडा राहू द्या. आकडा खोटा असेल तर उद्या दुरुस्ती छापू, माझ्या नावाने."

त्याने पेन्सिलीने कारण कापलं. आकडा राहिला. अंकात आलं की चार सदस्यांचा बँड कार्यक्रम सादर करू शकला नाही. पाच ओळींची बातमी, सहाव्या पानावर, टायरच्या जाहिरातीखाली. मी ती कापून शुवैखला नेली. मेस्त्रीने इंग्रजी वाचायचा प्रयत्न केला नाही, फक्त 'चार' कुठे लिहिलंय ते विचारलं. मी शब्दावर बोट ठेवलं. त्याने तो अंगठ्याने चाचपला.

"कारण लिवलां नाय?"

"छापू दिलं नाही."

"मग अर्दा काम झालां," तो म्हणाला. तो बरोबर होता.

उरलेलं अर्धं काम त्यांनी स्वतः केलं. दोन शुक्रवारांनंतर कारखान्यातच कार्यक्रम ठेवला, दुपारी साडेतीनला. फोरमनने यंत्रं एका बाजूला सरकवून भुसा झाडून घेतला. "कफीलाला कळलं तर मी म्हणंन मशीन टेस्ट करत होतो," तो म्हणाला. अर्दियाच्या खोलीतले सातही जण आले, शेजारच्या गॅरेजमधले पंजाबी मेकॅनिक आले, बंदरावरचे काही रत्नागिरीकर आले. बसायला फळ्यांचे ढीग. शटरच्या बाहेर प्लायचा एक तुकडा टेकवून ठेवला होता. त्यावर मेस्त्रीने सुताराच्या लाल पेन्सिलीने मोठ्या अक्षरात लिहिलं होतं: 'फॅमिलीक मनाई नाय.'

मंडळातली पाच कुटुंबं आली. त्यांनी पाटी वाचली. एक गृहस्थ जरा ओशाळले, त्यांची बायको खळखळून हसली आणि सरळ आत जाऊन प्लायच्या ढिगावर बसली. माझी मुलगी तेव्हा सहा-सात वर्षांची होती. मराठी तिला कळायची, उत्तर मात्र इंग्रजीत. तिने मोठ्याने विचारलं, "बाबा, व्हाय इज ही सिटिंग ऑन द ड्रम?"

मेस्त्रीला प्रश्न कळला. "खुर्ची देवक नाय कोणी, म्हणान," तो म्हणाला. सगळे हसले, तोही हसला आणि हात फळीवर ठेवला.

त्या दुपारचं ध्वनिमुद्रण म्हणजे माझ्याकडची कॅसेट. टेपरेकॉर्डर करवतीच्या टेबलावर होता. आवाज स्वच्छ नाही, मध्येच कोणीतरी खोकतं, एका गाण्यात बाहेरून ट्रकचा हॉर्न आहे. चाचणीच्या पहिल्या काही मिनिटांत मेस्त्री वरचा स्क्रू आणखी पाव फेरा सैल करतो, तेही ऐकू येतं. कागद शिक्षकाच्या बायकोने लिहिला. चौथ्या नावापुढे काय लिहू, असं तिने मला विचारायला लावलं. मेस्त्री म्हणाला, त्यांच्यापुढे जसा लिवलां तसाच.

बँड त्यानंतर तीन वर्षं होता. मग शेजारच्या देशात युद्धाची चिन्हं दिसायला लागली, शाळेने परदेशी शिक्षकांना घरी पाठवलं आणि ते दोघं गेले. टेक्सासवाला त्याच वर्षी गेला. त्याआधी एक गोष्ट झाली, तिच्यावर थांबतो.

हॉलच्या दारावरच्या त्या प्रकारानंतरच्या वर्षी, मंडळाच्या कार्यक्रमाआधी चिटणीसांनी माझ्याकडून कारखान्याचा नंबर घेतला. या वेळी मी मेस्त्रीला आधी सांगितलं. फोन आला तो शुक्रवारी, सरावाच्या मध्ये. फोरमनने रिसीव्हर मेस्त्रीच्या हातात दिला आणि स्वतः कान लावून शेजारीच उभा राहिला. शिक्षकाने गिटार मांडीवर आडवी ठेवली.

पलीकडचा आवाज मलाही ऐकू येत होता. चिटणीस मनापासून बोलत होते. मागच्या वेळी झालं ते वाईट झालं. हॉलवाल्यांशी बोलून त्यांनी कलाकारापुरती सूट मिळवली होती. मेस्त्रींनी जरूर यावं, नाव पत्रिकेत छापू, चौघांचंही.

"बरां झालां," मेस्त्री म्हणाला. "पण मी एकटो येवचंय नाय. माझी फॅमिली घेवन येतंय."

"अरे वा! कधी आली फॅमिली? कोण कोण आहे?"

"सात जणां. माझ्या खोलीतली. पुढच्या रांगेत खुर्चे होये."

"मेस्त्री, ते सगळे बॅचलर ना?"

"होय. माझ्यासारकेच."

"ते नाही हो जमणार. तुमच्यापुरतं मी कसंबसं जमवलंय. समजून घ्या."

"मी समाजलंय, सायबा," मेस्त्री म्हणाला. "तुमी समाजलात नाय." आणि त्याने रिसीव्हर जागेवर ठेवला.

फोरमनने कपाळाला हात लावला. "नाव छापणार होते रे तुजा! घराकडे पाठवला असतास कागद."

"नाव छापला हा," मेस्त्री म्हणाला आणि करवतीच्या टेबलावरच्या कॅसेटीकडे मान वळवली. मी बाकीच्यांना काय ठरलं ते सांगितलं. टेक्सासवाल्याने मान डोलावली, शिक्षकाने गिटार उभी धरली. बँड त्या हॉलमध्ये कधीच वाजला नाही, आणि हॉलचा नियम मी कुवेत सोडेपर्यंत तोच होता.

मेस्त्री खोक्यावर येऊन बसला. "खंय होतंव आपण?" त्याने विचारलं. टेक्सासवाल्याने स्पॅनिशमध्ये मोजायला सुरुवात केली.